कानावाचून ऐकणे

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल दिवशी आपण सर्व देवाचे आभार मानण्यास जमलो आहोत. ज्या मिशनरी धर्मगुरूंनी, धर्मभगिनींनी व वडीलधाऱ्या मंडळींनी या वाशीमच्या मुलखात आपल्या धर्मग्रामाचा पाया घातला, त्यांची थोरवी आमच्या पूर्वीच्या वक्त्यांनी यथोचित वर्णिली आहे. तिचीच पुनरुक्ती न करिता आम्ही आज एक निराळा विषय आपणांपुढे ठेवणार आहोत. गेले आठ दिवस आपल्या देवळाची घंटा वाजत आहे, गायनमंडळाचा सराव चालू आहे, वाजंत्री लागली आहे. आपला आनंद आपण नादाने व्यक्त करीत आहोत, आणि ते उचितच आहे. परंतु याच धर्मग्रामात काही बंधुभगिनी अशा आहेत की, ज्यांच्या कानांत यांतील काहीच शिरत नाही. त्या मिस्सेला येतात, मागल्या बाकावर बसतात, आपण उठलो की उठतात, आपण गुडघे टेकले की टेकतात. नाद त्यांना कसा भासतो, त्याविषयी त्यांची समजूत काय असते, आणि त्यांचे खरे उणे कोणते, याचा विचार आपण आज करू.

सर्वसाधारण समजूत अशी की, बहिरा मनुष्य म्हणजे अखंड शांततेत बुडालेला मनुष्य. आपण दोन्ही कानांत बोटे घालतो, क्षणभर जगाचा आवाज मंद होतो, आणि बहिरेपण ते हेच असे आपण धरून चालतो. ही समजूत खरी नव्हे. नाद थांबला हे ज्याने नाद ऐकला त्यासच कळते. आपल्या पाठीमागचा प्रदेश आपणांस काळोखा दिसतो काय? तो काळोखा दिसत नाही. तो दिसतच नाही, इतकेच. जन्मतः बहिऱ्या मनुष्याची नादासंबंधी हीच स्थिती असते. त्यास आपले जग अपुरे वाटत नाही. ते अपुरे आहे असे त्यास आपण सांगतो.

शिवाय सर्व बहिरे एकसारखे नसतात. कोणी जन्मतः बहिरा, कोणाचे कान गोवराने, मेंदूज्वराने किंवा कान फुटल्याने पुढे गेलेले, कोणास थोडेफार ऐकू येते, तर कोणाचे वृद्धापकाळी हळूहळू मंदावते. ज्याची श्रवणशक्ती मोठेपणी गेली, त्याच्या मनात नादाची आठवण कायम राहते. बेथोवेन हा थोर संगीतकार तारुण्यातच बहिरा होऊ लागला. १८०२ साली त्याने आपल्या भावांस उद्देशून लिहिलेल्या पत्रात त्या दुःखाची कहाणी आहे. तरीही १८२४ साली व्हिएन्ना शहरी त्याची नववी सिंफनी प्रथम वाजली, तेव्हा तो वादकांसमोर उभा होता, आणि श्रोत्यांच्या टाळ्या त्यास कळाव्यात म्हणून एका गायिकेने त्यास लोकांकडे वळविले असे सांगतात. त्याने ती सारी रचना मनातल्या मनात ऐकली होती. मोठेपणी ऐकू येईनासे झालेल्या पुष्कळांस कानांत अखंड घणघण किंवा शीळही जाणवते. म्हणजे त्यांचे बहिरेपण मुळी शांतच नसते.

आता नाद म्हणजे काय ते पाहू. नाद म्हणजे कंप. घंटेवर टोल पडला की घंटेचा धातू थरथरतो, तो थरथराट हवेला मिळतो व एका सेकंदास सुमारे ३४० मीटर या वेगाने आपल्या कानांपर्यंत येतो. कानाच्या आत गोगलगाईच्या शिंपल्यासारखी एक वळणदार नळी आहे. तिच्यातील अतिसूक्ष्म केशपेशी तो कंप ओळखून मेंदूस कळवितात. या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. निरोगी तरुण कानास सेकंदास २० पासून २०,००० पर्यंतचे कंप ऐकू येतात. परंतु कंप जाणण्याचे सामर्थ्य देवाने केवळ कानासच दिलेले नाही. आपली त्वचाही सेकंदास सुमारे १,००० पर्यंतचे कंप जाणते, आणि दोनशे-तीनशेच्या आसपासचे तर फार चांगले जाणते. तळपाय, तळहात, छाती, गाल ही तिची द्वारे होत.

याची उदाहरणे आपल्या जिल्ह्यातच पाहावी. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा बांधवांचे मोठे तीर्थ. तेथे २०२४ साली उघडलेल्या संग्रहालयाची इमारतच नगाऱ्याच्या आकाराची आहे, इतके त्या समाजात नगाऱ्याचे माहात्म्य. नगाऱ्यावर टिपरू पडले की जवळ उभ्या असलेल्याच्या छातीत धक्का बसतो. बहिऱ्यास तो धक्का आपल्याइतकाच बसतो; किंबहुना आपले लक्ष कानाकडे असते, त्याचे छातीकडे असते, म्हणून त्यास तो अधिक स्पष्ट कळतो. अकोला-पूर्णा मार्गावरील आगगाडी येते तेव्हा रुळालगतच्या झोपडीतील भिंत हलते. भिंतीस टेकून बसलेला बहिरा वळून पाहतो. आषाढातला गडगडाट, टिनाच्या छपरावर कोसळणारा पाऊस, पोळ्याला सजविलेल्या बैलाच्या मानेवर हात ठेविला असता त्याच्या घुंगुरमाळेची थरथर, हे सर्व त्यास ठाऊक असते.

आमच्या ओळखीचा एक बहिरा गवंडी आहे. पक्की भाजलेली वीट ठोकली की खणखणते व कच्ची असली की बद्द वाजते, हे सर्व गवंडी जाणतात. हा मनुष्य वीट डाव्या तळहातावर घेतो, थापीच्या दांड्याने तिला हलकेच ठोकतो, आणि हाताला आलेल्या झिणझिणीवरून निवड करितो. त्याने बाजूला काढलेली वीट इतर गवंड्यांनी वाजवून पाहिली असता बद्दच वाजते. एक बहिरी माता आम्ही पाहिली आहे. ती रात्री तान्ह्याच्या छातीवर हात ठेवून निजते, आणि मूल रडू लागले की त्याच्या बरगड्यांच्या हालचालीने जागी होते. तिचे मूल का रडते, भुकेने की पोटदुखीने, हेही ती हाताने ओळखते. स्कॉटलंडची प्रसिद्ध तालवादक एव्हलिन ग्लेनी ही वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिरी झाली, तरी अनवाणी उभी राहून, तळपायांनी कंप घेत, ती मोठमोठ्या वाद्यवृंदांबरोबर वाजवीत आली. तिचे मत असे की, ऐकणे हा एका अर्थी स्पर्शाचाच प्रकार आहे.

येथे कोणी विचारील की, बहिऱ्यास कंप जर इतका कळतो, तर बोलणे का कळू नये? याचे उत्तर वर सांगितलेल्या आकड्यांतच आहे. नगारा खालच्या कंपांचा. परंतु स, श, च यांसारखी व्यंजने सेकंदास कित्येक हजार कंपांची असतात. तेथपर्यंत त्वचा पोहोचत नाही. मग ओठ पाहून समजावे, तर तेही वाटते तितके सोपे नाही. घरी आरशापुढे उभे राहून आवाज न काढता 'पाय', 'बाय', 'माय' हे तीन शब्द म्हणून पाहा. तिन्ही वेळा ओठ एकाच रीतीने मिटतात व उघडतात. 'काय', 'गाय', 'खाय' यांची तीच गत. ती अक्षरे कंठातली, ओठांवर त्यांची खूणही उमटत नाही. जो मनुष्य ओठ वाचतो तो अर्धे पाहतो व अर्धे तर्काने भरून काढतो. तर्क करण्यास भाषा आधी ठाऊक असावी लागते. म्हणून जन्मतः बहिऱ्यापुढे मोठ्याने ओरडून व तोंड वेडेवाकडे करून बोलण्याने काहीच साधत नाही. उलट ओरडण्याने ओठांचे आकार बिघडतात, व आपण रागावलो आहो असे त्यास वाटते.

कंपाखेरीज नाद जाणण्याची बहिऱ्याची दुसरी वाट म्हणजे आपले चेहरे. लहानपणापासून तो पाहतो की, काही कृत्ये केली असता भोवतालचे लोक एकदम वळून पाहतात. खुर्ची फरफटली, दार आपटले, जेवताना तोंड वाजले की आई डोळे वटारते. त्यास आवाज ऐकू येत नाही, परंतु आवाजाचे नियम कळू लागतात. कोठे पाय हळू ठेवावा, कोठे हसणे आवरावे, हे तो ऐकल्यावाचून शिकतो. कॅरल पॅडन व टॉम हम्फ्रीज या दोघा बहिऱ्या विद्वानांनी १९८८ साली अमेरिकेतील बहिऱ्यांच्या जीवनाविषयी ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी हेच प्रतिपादिले आहे की, बहिऱ्यांस नादाविषयी पुष्कळ ज्ञान असते, मात्र ते ज्ञान ऐकणाऱ्यांच्या वागणुकीतून जुळवावे लागते. कोणत्या गोष्टीस आवाज असतो व कोणत्या गोष्टीस नसतो, हे नुसते पाहून कसे कळावे? पान गळते त्यास आवाज आहे काय? दिवा लागतो त्यास? सूर्य उगवतो त्यास? ज्याने कधी ऐकले नाही त्याने हे प्रश्न विचारणे अगदी रास्त आहे. आणि त्यांस नीट उत्तर देणारे कोणी असले, तर तो ते ध्यानात ठेवितो.

बंधुभगिनींनो, उत्तर देणारे कोणी असले तर, असे आम्ही म्हटले. सारे मर्म येथेच आहे. बहिऱ्याचे मोठे दुःख नादाच्या अभावात नाही. ते भाषेच्या अभावात आहे. मनुष्याच्या मेंदूची रचना अशी आहे की, भाषा त्यास कानाने मिळो वा डोळ्याने, तो ती आत्मसात करितो. जन्मतः बहिऱ्यांच्या मेंदूत श्रवणाचा भाग ओसाड राहत नाही. तो पाहण्याच्या व स्पर्शाच्या कामी लागतो, असे शास्त्रज्ञांस आढळले आहे. परंतु भाषेचे बीज पेरण्याचा हंगाम मात्र लवकर निघून जातो. पहिली काही वर्षे हाच तो हंगाम. मृग वाया गेला की पुढे कितीही पाऊस पडो, कपाशी तशी येत नाही, हे आपल्या शेतकऱ्यांस सांगावयास नको. आपल्या खेड्यांत मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, तर 'त्याचा बापही उशिराच बोलला होता' असे म्हणून स्वस्थ बसतात. तोपर्यंत त्या लेकराजवळ 'भूक', 'पाणी', 'ये', 'जा' एवढ्याच घरगुती खुणा असतात. काल, उद्या, का, कोण, देव, पाप, क्षमा यांसाठी त्याजजवळ काहीच नसते. असे मूल मंदबुद्धीचे ठरते व गुरांमागे पाठविले जाते. २०११ च्या जनगणनेत भारतात ऐकण्याचे अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख ७१ हजार नोंदली गेली. त्यांत अशी किती लेकरे असतील, याचा विचार मनास चटका लावणारा आहे.

आता धर्माच्या दृष्टीने पाहू. श्रद्धा ऐकण्याने येते, असे संत पौलाने रोमकरांस लिहिले. त्या वचनाचा ओढून ताणून अर्थ करून, बहिऱ्यास श्रद्धेचे द्वारच बंद आहे असे काही जण पूर्वी समजत. परंतु संत ऑगस्टीनने 'गुरूविषयी' या आपल्या संवादात, लोक बहिऱ्यांशी हावभावांनी बोलतात व बहिरेही हावभावांनीच विचारतात, उत्तर देतात व शिकवितात, हे स्पष्ट नमूद केले आहे. पौलाच्या म्हणण्याचे तात्पर्य एवढेच की, सुवार्ता कोणीतरी येऊन सांगावी लागते. ती तोंडाने सांगावी की हाताने, हा प्रश्न सांगणाऱ्याचा आहे.

आणि पवित्र धर्मसभेत असे सांगणारे झाले आहेत. सोळाव्या शतकात स्पेनमधील ओन्या येथील मठात पेद्रो पोन्से दे लेओन या बेनेडिक्टाइन संन्याशाने बहिऱ्या मुलांस लिहिण्यावाचण्यास व बोलण्यासही शिकविले. संत फ्रान्सिस दे सालेस बिशप असता त्यांस मार्टिन नावाचा एक बहिरा मजूर भेटला. बिशपांनी स्वतः खुणा योजून त्यास धर्मतत्त्वे शिकविली, ख्रिस्तशरीर दिले व आपल्या घरी ठेवून घेतले. म्हणूनच बहिऱ्यांचे कैवारी म्हणून त्यांचा धावा करितात. अठराव्या शतकात पॅरिस येथे आबे दे लेपे या धर्मगुरूने दोन बहिऱ्या बहिणी पाहिल्या. त्यांस चित्रांनी धर्म शिकविणारा पाद्री वारला होता, आणि या मुली देवाची ओळख न होताच मरतील या चिंतेने त्यांनी त्यांचे शिक्षण अंगावर घेतले. त्यांतूनच जगप्रसिद्ध शाळा उभी राहिली. पॅरिसचे बहिरे आपसांत ज्या खुणा करीत, त्या त्यांनी प्रथम स्वतः शिकून घेतल्या, हे विशेष ध्यानात धरावे. आपल्या महाराष्ट्राचा मानही थोडका नाही. मुंबईचे येशूसंघीय बिशप लिओ म्यूरिन यांनी १८८५ च्या सुमारास मुंबईत बहिऱ्या-मुक्यांसाठी संस्था काढली. ती भारतातील अशी पहिली शाळा मानली जाते.

परंतु इतिहासात एक खेदाचे पानही आहे. १८८० साली इटलीतील मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली, व शाळांतून हातांच्या खुणा काढून टाकून केवळ बोलणेच शिकवावे असे तेथे ठरले. ठराव करणारे बहुतेक सर्व ऐकणारे होते. पुढे अनेक दशके अनेक देशांत बहिऱ्या मुलांना हात हलविण्याची मनाई झाली. २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या तशाच परिषदेने तो ठराव झिडकारून खेद प्रकट केला. आज आपल्या देशात भारतीय सांकेतिक भाषेस मान मिळत आहे. तिच्यासाठी २०१५ साली दिल्ली येथे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. त्याचा शब्दकोश २०१८ साली ३,००० शब्दांचा निघाला व २०२१ पर्यंत १०,००० शब्दांचा झाला. ही भाषा म्हणजे हाताने केलेली मराठी नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे, आणि भुवई उचलणे व मान हलविणे हाही त्या व्याकरणाचाच भाग होय. केरळात त्रिशूर येथे २ मे २०२४ रोजी होली क्रॉस संघाचे फादर जोसेफ थेर्मडोम यांस गुरुदीक्षा मिळाली. ते भारतातील पहिले कर्णबधिर धर्मगुरू होत. ज्यांस एके काळी श्रद्धेच्या दारापाशीच थांबविले जाई, त्यांच्यातला एक आज वेदीपाशी उभा राहून हातांनी मिस्सा अर्पण करितो!

आता संत मार्कच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायाकडे वळू. लोकांनी एका बहिऱ्या व तोतऱ्या मनुष्यास प्रभूकडे आणिले. प्रभूने काय केले ते क्रमाने पाहा. त्यास गर्दीतून बाजूस नेले. म्हणजे त्यास सर्वांपुढे तमाशा होऊ दिले नाही. त्याच्या कानांत आपली बोटे घातली व जिभेस स्पर्श केला. स्वर्गाकडे पाहून सुस्कारा टाकिला. 'इप्फाथा' हा शब्द त्यानंतर आला. त्या मनुष्यास तो शब्द उच्चारला जात असता ऐकू येणे शक्यच नव्हते. परंतु बोटे, स्पर्श, वर गेलेली दृष्टी व छातीतून निघालेला सुस्कारा, एवढे सारे त्यास कळले. तुझे कान, तुझी जीभ, स्वर्गातला पिता, माझी कळकळ, असे प्रभूने त्यास त्याच्याच भाषेत आधी सांगितले, आणि मग त्यास बरे केले. बरे करणे आपल्या हाती नाही. आधीचे सारे मात्र आपल्या हाती आहे.

आपला धर्म तर चिन्हांनी भरलेला आहे. आपण लेकरास पहिली प्रार्थना शिकवितो ती क्रुसाची खूण, आणि ती हातानेच करितात. स्नानसंस्काराचे पाणी, तेलाचा अभ्यंग, मेणबत्तीची ज्योत, उंच धरलेली पवित्र भाकर, यांतील काय बहिऱ्यास दिसत नाही? धर्मसभेनेही त्यास अडविलेले नाही. मिस्सेत सांकेतिक भाषा वापरण्यास १९६५ सालीच परवानगी मिळाली. १९८३ च्या कायदेसंहितेप्रमाणे दुभाष्याच्या द्वारे पापनिवेदन करिता येते, व त्या दुभाष्यावर गुप्ततेचे बंधन असते. ज्यांस बोलता येत नाही त्यांस विवाहाची संमती खुणांनी देता येते. दार उघडे आहे. उंबरठ्यावर हात धरण्यास कोणी नाही, एवढेच उणे आहे.

यास्तव महोत्सव समितीपुढे व आपणा सर्वांपुढे आम्ही काही मागणी ठेवितो. महोत्सव निधीतून नवा ध्वनिवर्धक घ्यावा अशी सूचना आली आहे. ती योग्यच आहे. परंतु त्याच निधीतून आपल्या तरुणांपैकी दोघांस भारतीय सांकेतिक भाषा शिकण्यास पाठवावे. मुंबईस वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तेथे चौकशी करावी. आपल्या धर्मग्रामात आठ वर्षांची एक बहिरी बालिका आहे. तिच्या बरोबरीची मुले येत्या वर्षी प्रथम ख्रिस्तशरीर घेतील. वेदीवरील त्या भाकरीत कोण आहे हे तिला समजेल अशा रीतीने सांगणारा तोपर्यंत आपल्यात एक तरी तयार व्हावा. बहिऱ्या कुटुंबियांस मागला बाक न देता पहिला द्यावा, म्हणजे वेदी, धर्मगुरूचे ओठ व दुभाष्याचे हात त्यांस दिसतील. त्यांच्याशी बोलताना समोर, उजेडात उभे राहावे. मातांनी नवजात बालकाचे कान पहिल्या महिन्याच्या आत तपासून घ्यावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाच्या तपासणीचा समावेश आहे, याविषयी जिल्हा रुग्णालयात विचारावे. गोवर-रुबेलाची लस चुकवू नये. वाहता कान तेल घालून बरा होईल म्हणून थांबू नये. यंत्राने ऐकू येण्याची सोय झाली तर ती आनंदाने घ्यावी. परंतु तिची वाट पाहता पाहता लेकरास भाषेवाचून उपाशी ठेवू नये.

पुढील महोत्सवी वर्षी जे या सभेत बसतील ते आपल्या देवळाची घंटा कितीदा वाजली हे मोजणार नाहीत. आपल्यातील एकालाही आपण देवाच्या शब्दावाचून राहू दिले काय, हे मात्र खचित विचारतील. दयाळू परमेश्वर आपल्या हातांस बोलण्याचे व आपल्या डोळ्यांस ऐकण्याचे सामर्थ्य देवो. संत फ्रान्सिस दे सालेस, आम्हांसाठी विनंती कर. आमेन.